आईचे डोळे तपासले पण प्रिस्क्रिप्शन हातात देत नाहीयेत, युकेमध्ये नियम काय आहे?

मीनल_रीडिंग:
नमस्कार मंडळी, एक माहिती हवी आहे. आई नाशिकहून आलीये माझ्याकडे, व्हिजिटर व्हिसावर. गेले काही महिने तिला पेपर वाचताना त्रास होतोय, दिवा लावून पण डोळे बारीक करून वाचते, म्हणून इथल्या हायस्ट्रीटवरच्या एका चष्म्याच्या दुकानात अपॉइंटमेंट घेऊन गेलो. प्रायव्हेट टेस्ट, पैसे भरून. आधी एका मुलीने मशीनवर बसवून नंबर काढला, डोळ्यात ते हवेचं फुस्स केलं, मग आत ऑप्टोमेट्रिस्टने तपासलं. तपासणी बरी केली असं मला वाटलं, घाई नव्हती. शेवटी म्हणाला की डाव्या डोळ्याचं प्रेशर थोडं जास्त वाटतंय, एकदा जीपीला (इथल्या फॅमिली डॉक्टरला) दाखवून घ्या. एवढंच, तोंडी.

मग बाहेर आल्यावर विक्रीवाला मुलगा आला आणि सरळ फ्रेम्सकडे घेऊन गेला. व्हेरिफोकल (लांबचं-जवळचं एकाच काचेत), त्यावर कोटिंग, सगळं मिळून साडेतीनशे पौंडांच्या वर. आई मला मराठीत म्हणाली अगं नाशिकला आपला नेहमीचा चष्मेवाला आहे, तिथे करू. मी त्याला सांगितलं की आम्हाला फक्त प्रिस्क्रिप्शन द्या, तर म्हणे ते आमच्या सिस्टीममध्ये आहे, तुम्ही ऑर्डर दिली की लागेलच, नाहीतर मॅनेजर उद्या ईमेल करतील. ईमेल आलाच नाही. फोन केला तर म्हणे पीडी (दोन बुबुळांमधलं अंतर) आम्ही देत नाही, आणि बाहेरून चष्मा केला तर आमची जबाबदारी नाही. अहो पण मी पीडी मागितलाच नव्हता, मी नंबर मागितला होता!

तर प्रश्न असा की प्रिस्क्रिप्शन देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे का? आणि प्रेशरचं असं तोंडी सांगून सोडून देणं बरोबर आहे का, काहीतरी कागद द्यायला नको का? शिवाय आधी ओसीटी (डोळ्याच्या पडद्याच्या) स्कॅनचे वेगळे पैसे विचारले होते, आम्ही नाही म्हटलं, आता वाटतंय करायला हवं होतं का. आईला तर टेन्शन आलंय कारण माझी आजी शेवटी शेवटी जवळजवळ आंधळी झाली होती आणि तिला काय झालं होतं ते कुणी धड विचारलंच नाही तेव्हा.

पक्या_लेस्टर:
द्यावंच लागतं. माझ्या बायकोच्या वेळी पण असंच चालढकल केलेली, दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं प्रिंट काढून द्या, मी थांबतो. पाच मिनिटात मिळालं. फोनवर काही होत नाही, प्रत्यक्ष जा. आणि पीडी पण द्यायला लागतो त्यांना, तो तुमचा डेटा आहे, सोडू नका.

सायली_ऑप्टोम:
मीनल, मी इथे इंग्लंडमध्येच ऑप्टोमेट्रिस्ट आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, लांब होईल.

पहिली गोष्ट, हो, बंधनकारक आहे, आणि ही काही दुकानाची पॉलिसी वगैरे नाही, कायदा आहे. ऑप्टिशियन्स अ‍ॅक्ट 1989, त्याचं कलम 26. त्यात असं आहे की ज्याने डोळे तपासले त्याने तपासणी झाल्या झाल्या पेशंटला सही केलेलं लेखी प्रिस्क्रिप्शन द्यायचं, आणि चष्म्याची गरज नसेल तर गरज नाही असं लेखी द्यायचं. झाल्या झाल्या म्हणजे लगेच. उद्या नाही, मॅनेजर आल्यावर नाही, ऑर्डर दिल्यावर तर नाहीच नाही. आणि चष्मा आमच्याकडूनच घ्यायचा अशी अट घालून कुणाचे डोळे तपासता येत नाहीत, हे पण त्याच कलमात आहे. तुम्ही टेस्टचे पैसे दिलेत, टेस्ट झाली, कागद तुमचा. चष्मा कुठे करायचा, कधी करायचा, करायचा की नाही, तो सर्वस्वी तुमचा प्रश्न.

दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे आणि ती तू बरोबर पकडलीस. त्याच कलमात नंबर काढण्याच्या आधी अजून एक कर्तव्य लिहिलंय. डोळ्यात किंवा शरीरात इतर कुठे काही दुखापत, आजार, बिघाड याची खूण दिसते का हे शोधण्यासाठी डोळ्याची तपासणी करायची. म्हणजे डोळ्याचा बाहेरचा भाग बघायचा, आणि आत पडद्यापर्यंत बघायचं, ऑफ्थॅल्मोस्कोपने किंवा स्लिट लॅम्पवर, आणि त्या पेशंटसाठी अजून जे जे गरजेचं वाटेल ते. आणि मग लेखी द्यायचं की या तपासण्या मी केल्या आहेत आणि तुम्हाला डॉक्टरकडे पाठवतोय किंवा पाठवत नाहीये. तर तुझ्या आईच्या बाबतीत दोन कागद झाले असते, एक नंबरचा आणि एक रेफरलबद्दलचा. बऱ्याच ठिकाणी एकाच छापील फॉर्मवर खाली दोन चौकोन असतात, रेफर केलं, रेफर नाही केलं, त्यावर टिक असते. जीपीला दाखवा असं नुसतं तोंडी सांगून पेशंटला बाहेर सोडणं मला अजिबात पटलेलं नाही. जीपीकडे डोळ्याचं प्रेशर मोजायचं मशीन नसतं. त्याला पत्र हवं, त्यात दोन्ही डोळ्यांचं प्रेशर किती, कुठल्या मशीनने, किती वाजता मोजलं, मागची नस कशी दिसली, फील्ड टेस्ट (समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं ती) केली का, हे सगळं हवं. त्याशिवाय जीपी काय करणार, तो परत ऑप्टिशियनकडेच पाठवणार.

पक्या, पीडीचं मात्र तसं नाहीये. बुबुळांमधलं अंतर हे डोळे तपासण्याचा भाग कायद्याने धरलेलं नाही, ते चष्मा बनवतानाचं माप आहे. त्यामुळे ते प्रिस्क्रिप्शनवर लिहिलंच पाहिजे अशी सक्ती नाही, काही दुकानं देतात, काही वेगळे पैसे घेऊन मोजून देतात. त्यावरून भांडत बसू नका. मीनल, व्हेरिफोकलसाठी तर नुसता पीडी पुरत पण नाही, जी फ्रेम घेणार ती चेहऱ्यावर बसवून बुबुळ फ्रेममध्ये किती उंचीवर येतं ते मोजावं लागतं. ते नाशिकला जो चष्मा करेल त्यानेच मोजायला हवं, इथलं माप तिथे नेऊन उपयोग नाही.

आता काय करायचं. उद्या जा, शांतपणे सांगा की ऑप्टिशियन्स अ‍ॅक्टच्या कलम 26 प्रमाणे प्रिस्क्रिप्शन आणि रेफरलचा लेखी कागद हवा. बहुतेक वेळा एवढ्याने काम होतं कारण काउंटरवरच्या मुलाला हे माहीतच नसतं, त्याला टार्गेट माहीत असतं. ज्याने तपासलं त्या ऑप्टोमेट्रिस्टलाच भेटायचंय असं म्हणा, कारण जबाबदारी त्याची आहे, दुकानाच्या मॅनेजरची नाही. तरी नाही दिलं तर दुकानाकडे लेखी तक्रार, आणि मग ऑप्टिकल कन्झ्युमर कम्प्लेंट्स सर्व्हिस आहे, ते फुकट मध्यस्थी करतात. आणि प्रॅक्टिसबद्दलच गंभीर शंका असेल तर जनरल ऑप्टिकल कौन्सिल. त्यांच्या साईटवर रजिस्टर आहे, कुणीही नाव टाकून बघू शकतं की समोरचा माणूस रजिस्टर्ड आहे का.

प्रशांत_हॅरो:
सायली तुमची माहिती चांगली आहे पण मला स्पष्ट बोलायचंय. हे सगळं कागदावर ठीक, प्रत्यक्षात ही चष्म्याची दुकानं आहेत आणि टेस्ट म्हणजे गिऱ्हाईक आत आणायचं निमित्त. मी दरवेळी जातो, दरवेळी नंबर पाव-अर्धा बदललेला असतो, दरवेळी नवीन चष्मा. ओसीटी घ्या, फोटो घ्या, दहा पौंड पंधरा पौंड. मला डायबेटिस आहे, माझं हॉस्पिटलच्या स्क्रीनिंगमध्ये दरवर्षी डोळ्यांचे फोटो निघतात, मग यांच्याकडे जायचं कशाला? मी तर आता ठरवलंय की स्क्रीनिंग पुरे. आणि तो जो दुकानात बसतो तो ऑप्टिशियन की ऑप्टोमेट्रिस्ट की डॉक्टर, हे पण कुणाला कळत नाही.

सायली_ऑप्टोम:
प्रशांतजी, राग समजू शकते. पण स्क्रीनिंग पुरे हे कृपा करून मनातून काढून टाका.

डायबेटिक स्क्रीनिंगमध्ये पडद्याचे फोटो काढतात आणि त्यात डायबेटिसमुळे पडद्यावर काही झालंय का एवढंच बघतात. तुमचं प्रेशर तिथे मोजत नाहीत, फील्ड बघत नाहीत, काचबिंदूसाठी ती तपासणी नाहीच. नंबरही काढत नाहीत. स्क्रीनिंगच्या पत्रातच लिहिलेलं असतं की नेहमीची डोळ्यांची तपासणी चालू ठेवा. आणि डायबेटिस असल्यामुळे तुम्हाला इंग्लंडमध्ये एनएचएसची (सरकारी आरोग्य सेवेची) साइट टेस्ट फुकट आहे, त्याचे पैसे कुणी घेत असेल तर विचारा. उलट पण सांगते, ऑप्टिशियनकडे जाऊन आलो म्हणून स्क्रीनिंगची अपॉइंटमेंट चुकवू नका. दोन्ही लागतात.

नंबर दरवेळी बदलतो म्हणालात, तर तुमची शुगर कशी असते हा पहिला प्रश्न मी तुम्हाला विचारला असता. शुगर वर-खाली होत असेल तर डोळ्यातल्या नैसर्गिक लेन्सवर परिणाम होतो आणि नंबर खरंच सरकतो. अशा वेळी चांगल्या ऑप्टोमेट्रिस्टने आत्ता चष्मा करू नका, शुगर स्थिर होऊ द्या, मग परत या असं सांगायला हवं. नंबर पाव बदलला आणि तुम्हाला जुन्या चष्म्याने व्यवस्थित दिसतंय तर नवीन चष्मा करायची गरज नाही हे पण सांगायला हवं, हा आमच्या कामाचाच भाग आहे. पेशंटच्या हिताचं जे असेल तेच सुचवायचं, दुकानाच्या धंद्याचा दबाव तपासणीवर येऊ द्यायचा नाही, कौन्सिलच्या स्टँडर्ड्समध्ये हीच अपेक्षा आहे. तुम्हाला तसं कुणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं.

कोण कोण असतं ते सांगते. बाहेर मशीनवर बसवणारी मुलगी बहुधा ऑप्टिकल असिस्टंट, ती रजिस्टर्ड असेलच असं नाही, तिने मापं घेतली तरी त्यांचा अर्थ लावायची जबाबदारी आत तपासणाऱ्याची. डिस्पेन्सिंग ऑप्टिशियन हा चष्मा, लेन्स, फ्रेम, मापं यातला शिकलेला रजिस्टर्ड माणूस, पण तो डोळे तपासू शकत नाही. डोळे तपासायचे ते ऑप्टोमेट्रिस्टने किंवा डॉक्टरने, हे पण कायद्यातच आहे. कोण तपासतंय ते विचारायला लाजू नका, मी तर स्वतःहून नाव सांगते.

आणि ओसीटी. मीनलने पण विचारलंय. ओसीटीमध्ये पडद्याचे थर उभे कापल्यासारखे दिसतात, काचबिंदूच्या संशयात, पडद्याच्या मध्यभागाच्या आजारात खूप उपयोगी मशीन आहे. पण ते नेहमीच्या साइट टेस्टचा सक्तीचा भाग नाही म्हणून वेगळे पैसे लावतात. ते नाकारलं म्हणून तुमची मूळ तपासणी अर्धवट राहायला नको, आत डोकावून पडदा आणि नस बघणं हे मूळ टेस्टमध्येच येतं. फोटो काढला म्हणजे तपासणी झाली असंही नाही. फोटो बघावा लागतो.

हे मी उगाच नाही लिहीत. 2012 मध्ये इप्सविचला एका मुलाची नेहमीची डोळ्यांची तपासणी झाली. काही महिन्यांनी तो गेला, डोक्यात पाणी साठून. वय वर्षं 8. त्याच्या डोळ्यांच्या मागच्या नसेला सूज होती आणि तपासणीच्या दिवशी काढलेल्या फोटोत ती दिसत होती, पण ऑप्टोमेट्रिस्टच्या ती लक्षात आली नाही. तिचं कोर्टातलं म्हणणं असं होतं की तिने चुकून जुने फोटो बघितले. 2016 मध्ये तिला मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं, 2017 मध्ये अपील कोर्टाने ती दोषसिद्धी रद्द केली. पण रद्द केली म्हणजे तिने कर्तव्य केलं होतं असं कोर्ट म्हणालं नाही. मुद्दा एवढाच होता की मुलाच्या जिवाला गंभीर धोका आहे हे तपासणाऱ्याला त्या क्षणी जे माहीत होतं त्यावरून स्पष्ट कळण्यासारखं होतं का ते बघायचं, तिने नीट बघितलं असतं तर काय कळलं असतं त्यावरून मनुष्यवधाचा गुन्हा ठरवायचा नाही. फौजदारी गुन्हा वेगळा आणि व्यावसायिक चूक वेगळी. आमच्या व्यवसायात ती केस माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. त्या निकालावर वाद घालणारे खूप भेटतील, पण लहान मूल असो, हलत असो, उजेडाने डोळे मिटत असो, नस दिसल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली म्हणायचं नाही, आणि नाहीच दिसली तर तसं नोंदीत लिहायचं आणि परत बोलवायचं, बाहुली मोठी करायचे थेंब घालून बघायचं. मी स्वतः हे कुठल्याही टार्गेटसाठी सोडणार नाही. एका टेस्टला वीस-पंचवीस मिनिटं मिळतात, एनएचएसची एका टेस्टची फी 23-24 पौंडांच्या आसपास, तेवढ्यात दुकान चालत नाही आणि चष्म्याच्या विक्रीवर सगळा भार येतो हे मला मान्य आहे. ही व्यवस्थाच चुकीची आहे असं माझं मत आहे. पण त्याची किंमत पेशंटच्या डोळ्यांनी द्यायची नाही.

डेक्कनवाला:
चर्चा वाचतोय. माझं पुण्यात चष्म्याचं दुकान आहे, वडिलांपासून. मीनलताई आईंना नाशिकला चष्मा करायचाय म्हणून आपल्याकडची बाजू सांगतो.

आपल्याकडे बहुतेक दुकानात नंबर तपासणी फुकट असते, कंप्युटरवर नंबर काढायचा, मग ट्रायल फ्रेममध्ये काचा घालून पक्का करायचा आणि चष्मा. लोकांनाही तेच हवं असतं, दहा मिनिटात नंबर. पण त्यात डोळ्याच्या आत कुणी बघत नाही हो. दुकानात बी.ऑप्टम केलेला ऑप्टोमेट्रिस्ट बसत असेल तर गोष्ट वेगळी, मी गेली काही वर्षं ठेवलाय, पण गल्लीतल्या प्रत्येक दुकानात तो असेलच असं नाही. 2021 ला अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा केंद्राचा कायदा आला, त्यात ऑप्टोमेट्रिस्ट हा व्यवसाय म्हणून धरलाय, ती चांगली गोष्ट झाली, नाहीतर इतकी वर्षं कोण ऑप्टोमेट्रिस्ट आणि कोण नुसता चष्मेवाला याला काही धरबंदच नव्हता. तरी गिऱ्हाइकाच्या मनात आमच्याकडे डोळे तपासून घेतले म्हणजे डोळे तपासले असंच असतं, आणि मला ते फार खटकतं, म्हणून मी चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला सांगतो की नंबर मी काढतो पण वर्षा-दोन वर्षातून एकदा नेत्रतज्ज्ञांना दाखवा. काही जणांना वाटतं हा टोलवतोय.

तर आईंचं प्रेशर जास्त आलंय म्हणजे आमच्यासारख्या दुकानात चष्मा करून विषय संपवू नका. आधी डोळ्यांचे डॉक्टर, मग चष्मा. तिकडचा कागद नक्की घेऊन या. आणि एक व्यवहारातली गोष्ट, तिकडच्या कागदावरचा सिलिंडर मायनसमध्ये असेल आणि इकडे कुणी प्लसमध्ये लिहिला तर घाबरू नका. +1.00 ला -0.50 अक्ष 90 आणि +0.50 ला +0.50 अक्ष 180 हा एकच नंबर आहे, लिहायची पद्धत दोन. लोक येतात आणि म्हणतात लंडनला वेगळा नंबर निघाला, बघतो तर तोच असतो. जवळचं अ‍ॅडिशन (वाचण्यासाठी वाढवलेला नंबर) मात्र नीट बघा, आई किती अंतरावर धरून वाचतात ते दुकानदाराला सांगा.

स्वाती_मिल्टनकीन्स:
माझा थोडा वेगळा प्रश्न आहे पण याच विषयातला. सासरे 74 चे आहेत, इथेच राहतात, गाडी चालवतात. मागच्या आठवड्यात डोळे तपासायला गेले तर ऑप्टोमेट्रिस्टने सांगितलं की चष्मा लावून पण तुमची नजर गाडी चालवण्याच्या नियमात बसत नाहीये, गाडी बंद करा आणि डीव्हीएलएला (लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याला) कळवा. सासरे भडकलेत. म्हणतात हा चष्मेवाला कोण मला सांगणारा. आणि त्याने म्हणे असंही सुचवलं की तुम्ही नाही कळवलं तर मला कळवावं लागेल. असं तो करू शकतो का? पेशंटची माहिती गुप्त ठेवायची असते ना?

सायली_ऑप्टोम:
स्वाती, करू शकतो, आणि काही परिस्थितीत त्याने ते करायलाच हवं. डीव्हीएलएला कळवणं ही आधी गाडी चालवणाऱ्याची स्वतःची जबाबदारी. आमचं काम म्हणजे स्पष्ट शब्दात सांगणं, का ते समजावणं, नोंद करणं, आणि शक्य तर लेखी देणं. पण माणूस ऐकतच नसेल, गाडी चालवत राहणार असं दिसत असेल, आणि रस्त्यावरच्या लोकांना धोका असेल तर गुप्ततेच्या वर लोकांची सुरक्षितता येते. कौन्सिलचं यावर वेगळं मार्गदर्शन आहे. कळवायच्या आधी शक्यतो पेशंटला सांगायचं की मी कळवणार आहे, म्हणजे त्याने जे केलं ते नियमाला धरून केलं, आणि माझ्या दृष्टीने धाडसाचं पण केलं, कारण पेशंट तुटतो हे त्यालाही माहीत असणार.

नियम असा आहे की 20 मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे, आणि तक्त्यावर दोन्ही डोळे मिळून किमान 6/12, हवा तर चष्मा लावून. शिवाय बाजूचं दिसणं पण पुरेसं हवं. आता सासऱ्यांना विचारा की कमी का दिसतंय ते त्याने सांगितलं का. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशननंतर नजर परत नियमात बसू शकते आणि गाडी परत सुरू होऊ शकते. हे त्यांना कळलं तर राग निम्मा होईल. गाडी कायमची गेली असंच त्यांच्या डोक्यात बसलं असणार.

स्वाती_मिल्टनकीन्स:
हो, मोतीबिंदूचं पत्र दिलंय! हॉस्पिटलला रेफर केलंय असं त्यात आहे, आम्ही गाडीच्या भांडणात ते नीट वाचलंच नाही. आज सांगते त्यांना. खूप आभार.

मीनल_रीडिंग:
अपडेट देते. आज परत गेले, पक्याने सांगितलं तसं प्रत्यक्ष, आणि सायलीने सांगितलं ते बोलले. काउंटरवरच्या मुलाने आत जाऊन ऑप्टोमेट्रिस्टलाच बोलावून आणलं. तो खरं तर चांगला माणूस निघाला, त्याला वाटत होतं की बाहेर कागद दिलाय. माफी मागितली, प्रिस्क्रिप्शन सही करून दिलं, आणि आईला परत आत घेऊन प्रेशर त्या निळ्या दिव्याच्या मशीनने थेंब घालून मोजलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. उजव्याचं 19, डाव्याचं 26. नस पण डावीकडची थोडी संशयास्पद वाटते म्हणाला आणि आता नीट पत्र दिलंय. फील्ड टेस्ट पण केली, त्यात फार काही नाही म्हणाला.

आता पुढचा गोंधळ. जीपीकडे आईचं नाव नाहीये, ती व्हिजिटर. हॉस्पिटलला गेलो तर बिल येईल ना? ती पुढच्या महिन्यात परत जाणारच आहे. थांबलं तर चालेल का की इथेच दाखवू?

सायली_ऑप्टोम:
अरे वा, आता खरी तपासणी झाली. निळ्या दिव्याचं ते अ‍ॅप्लनेशन टोनोमीटर, प्रेशरसाठी त्याचंच माप भरवशाचं धरतात, हवेच्या फुस्स मशीनचं माप जास्त आलं तर असं परत मोजून मगच पाठवायचं असतं. साधारण 10 ते 21 हा नेहमीचा पट्टा, आणि इथल्या नाइसच्या (उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेच्या) गाइडलाइनप्रमाणे 24 किंवा जास्त असेल तर रेफर करतात. म्हणजे 26 ला पाठवणं बरोबरच आहे. पण 26 म्हणजे काचबिंदू झालाच असं नाही. काहींचं प्रेशर जास्त असून नसेला काही होत नाही, काहींचं नॉर्मल असून नस खराब होते. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी मोजावी लागते, ड्रेनेजचा कोन, म्हणजे डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं ती जागा, उघडा आहे का ते बघावं लागतं, हे हॉस्पिटलमध्ये होईल.

बिलाचं तू म्हणतेस ते खरं आहे. व्हिजिटर लोकांना इंग्लंडमध्ये एनएचएस हॉस्पिटलच्या प्लॅन्ड उपचारांचे पैसे लागतात आणि ते नेहमीच्या दराच्या दीडपट लावतात. मी आईला तपासलेलं नाही त्यामुळे मी निर्णय देणार नाही, त्या ऑप्टोमेट्रिस्टलाच फोन करून विचार की महिनाभराने भारतात नेत्रतज्ज्ञांना दाखवलं तर चालेल का, कोन त्याला कसा दिसला, आणि त्याचं उत्तर पत्रावर लिहून घे. फील्ड चांगली आहे आणि कोन उघडा आहे असं तो म्हणाला तर बहुधा हो म्हणेल. तोपर्यंत ट्रॅव्हल इन्शुरन्सचे कागद पण बघून ठेव.

पण एक लक्षात ठेव. अचानक डोळा खूप दुखायला लागला, लाल झाला, धूसर दिसायला लागलं, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, डोकं दुखून उलटी झाली, तर महिना नाही, तासभर पण थांबायचं नाही, सरळ ए अँड ई, म्हणजे हॉस्पिटलचा तातडीचा विभाग. तिथल्या तातडीच्या उपचाराला व्हिजिटरला पण पैसे लागत नाहीत, अ‍ॅडमिट केलं तर त्यापुढचे लागतात.

नाशिकला नेताना प्रिस्क्रिप्शन, रेफरल पत्र, फील्ड टेस्टचे प्रिंट, आणि काढले असतील तर पडद्याचे फोटो, सगळं मागून घे. ते तुमच्या आईच्या आरोग्याची माहिती आहे, मागायचा हक्क आहे, लेखी मागितलं तर साधारण महिन्याच्या आत द्यावं लागतं आणि फी पण लागत नाही. तिथल्या डॉक्टरांना आधीचा फोटो मिळाला तर सहा महिन्यांनी नस बदलली का हे कळतं, नाहीतर त्यांची सुरुवात शून्यापासून होते.

डेक्कनवाला:
सायलीताई बरोबर बोलल्या, ते फोटो आणि फील्डचे कागद आणाच. आमच्याकडे लोक फक्त नंबरचा चिटोरा सांभाळून ठेवतात आणि बाकी रिपोर्ट टाकून देतात. आणि आईंना सध्या काही डोळ्याचे किंवा दम्याचे, त्वचेचे औषध चालू असेल, स्टिरॉइड असलेलं, तर तेही डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घालणारी माणसं मी बघितली आहेत, त्याने प्रेशर वाढतं.

मीनल_रीडिंग:
बापरे, डेक्कनवाले दादा, तुम्ही बरं विचारलंत. आईच्या पर्समध्ये ड्रॉपची एक छोटी बाटली आहे, डोळे चुरचुरतात म्हणून कुणी शेजारणीने दिलेली, ती अधूनमधून घालते. मी फोटो काढून नाव बघितलं, डेक्सामेथासोन लिहिलंय. हे तेच का?

सायली_ऑप्टोम:
हो मीनल, ते स्टिरॉइडच आहे. किती दिवसांपासून, दिवसातून किती वेळा, कुठल्या डोळ्यात, आईला नीट आठवून सांगायला लाव आणि आजच त्या ऑप्टोमेट्रिस्टला फोन करून सांग, दुकान उघडं असेल तर बाटली घेऊनच जा. त्याने विचारलं होतं का की कुठले थेंब घालता? विचारायला हवं होतं, औषधांची माहिती घेणं हे तपासणीच्या सुरुवातीचंच काम आहे, पण कितीतरी लोक शेजारणीने दिलेलं औषध हे औषधात धरत नाहीत आणि सांगत नाहीत. थेंब बंद कधी आणि कसे करायचे ते त्याच्याशी किंवा डॉक्टरशी बोलूनच ठरवा, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी प्रेशर परत मोजायचं. हे आता पत्रात पण यायला हवं, त्याला पत्र दुरुस्त करून द्यायला सांग.

आणि तुझं स्वतःचं वय चाळीसच्या पुढे असेल तर एक सांगून ठेवते, आईला काचबिंदूचं निदान झालं तर तुला इंग्लंडमध्ये एनएचएसची तपासणी फुकट मिळते, आई-वडील, भाऊ-बहीण किंवा मुलांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर ती मिळते. आजीचं काय होतं ते पण नाशिकला कुणी मोठं माणूस असेल तर विचारून घे, आणि दोघींच्याही डॉक्टरांना सांगा.

मीनल_रीडिंग:
मी 43. मामाला फोन लावते आजीबद्दल. दुकान साडेपाचपर्यंत उघडं आहे, बाटली घेऊन निघाले आईला घेऊन.